नाक्यावरचा बाजार सावरायचा आहे? आधी वही-पेन घ्या

आमच्या रस्त्यावरचा एक गाळा रोज सकाळी साडेनवाला उघडतो. शटर कमरेएवढं वर जातं, आतले काका गणपतीच्या फोटोला हार घालतात, उदबत्ती लावतात, स्टुलावर बसून पेपर वाचतात आणि साडेदहाच्या सुमारास शटर खाली. विकायला आत काही नाही. रिकामी रॅकं आणि एक जुना वजनकाटा. बरीच वर्षं मला वाटायचं, हातची सवय सुटत नसेल. मग एकदा काकांनीच सांगितलं की गाळा पगडीचा आहे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन अगदी थोड्या भाड्यावर घेतलेला, आणि विनाकारण सलग सहा महिने बंद राहिला तर मालक त्याच मुद्द्यावर कोर्टात जाऊ शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये तशी तरतूद आहे. म्हणून रोजची ही एका तासाची हजेरी.

हे आधी सांगायचं कारण असं, की आपला बाजाररस्ता सुधारायचा म्हटलं की आपल्याला कुंड्या, भिंतीवरची चित्रं आणि रंगीत दिवे आठवतात. आम्हालाही तेच आठवलं होतं. पण काकांचं शटर कुंड्या ठेवून वर जाणार नव्हतं. रस्ता कशामुळे बसला हे नीट कळल्याशिवाय हात घातला की पैसे जातात आणि मंडळीही पांगतात. तेव्हा खालचा क्रम पाळा. पहिले दोन-तीन आठवडे फक्त पाहणं, मोजणं आणि ऐकणं. खर्च शून्य.

मी लिहितोय तो लालबाग-परळच्या अनुभवावरून. इथला बाजार गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचा: पाळी सुटली की गर्दी, पगार झाला की उधारीची वही कोरी. जानेवारी 1982 च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि बाजाराचं ते घड्याळच थांबलं. तुमचा रस्ता गिरगावात असेल, पार्ल्यात असेल, मुलुंडला असेल, तर तुमचं घड्याळ वेगळं असेल. कामाचा क्रम मात्र बहुतेक हाच राहील.

पहिला आठवडा: मोजा

दोघं-दोघं मिळून तीन वेळा रस्त्यावर उभे राहा. आडवारी सकाळी अकराला, आडवारीच संध्याकाळी सातला आणि रविवारी सकाळी दहाला. एका ठिकाणी पंधरा मिनिटं थांबून जाणारी-येणारी माणसं मोजा, चारने गुणा, ताशी आकडा मिळाला. रस्त्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये असं तीन ठिकाणी करा. बहुतेक वेळा असं दिसतं की एका टोकाला स्टेशनाची किंवा बसथांब्याची गर्दी आहे, दुसऱ्या टोकाला देऊळ किंवा शाळा आहे, आणि मधला तुकडा कोरडा. तुमचा खरा प्रश्न त्या मधल्या तुकड्यातच असतो.

माणसांबरोबर पिशव्या मोजा. ही युक्ती आमच्या चाळीतल्या एका वहिनींची. संध्याकाळी स्टेशनाकडून घरी येणाऱ्यांच्या हातात भरलेली पिशवी असेल, तर खरेदी आधीच दुसरीकडे झालेली आहे. दादरला उतरून भाजी, रानडे रोडवरून कपडे, आणि मग आपल्या रस्त्यावरून फक्त चालत घरी. ओळखीच्यांना थांबवून विचारा, पिशवीत काय आहे? पाच-पंचवीस पिशव्यांचं उत्तर मिळालं की आपल्या रस्त्यावर काय मिळत नाही, याची यादी आपोआप तयार होते. आमच्या यादीत वरची नावं होती कापलेली भाजी, ताजं पनीर आणि मुलांच्या प्रोजेक्टचं सामान. यांपैकी एकाही गोष्टीला पालिकेची योजना लागत नाही.

मग शटरं. दोन्ही बाजूंचा प्रत्येक गाळा क्रमाने लिहा आणि पुढे चारपैकी एक खूण करा: चालू, अर्धवेळ, गोदाम, बंद. गोदामांकडे लक्ष द्या. बाहेरून शटर धडधाकट दिसतं, पण आत कुणाचा तरी माल भरलेला असतो आणि रस्त्याच्या दृष्टीने तो गाळा मेलेलाच. बंद गाळ्यांची कारणं चहावाल्याला विचारा. त्याच्याइतकी पक्की माहिती कुणाकडे नसते. भावाभावांतला वाद, पगडी, पुनर्विकासाची वाट पाहणं, मुलाला धंद्यात रस नसणं, जास्त भाड्याच्या आशेने अडवून ठेवणं. ही कारणं वेगळी, त्यांवरचे उपायही वेगळे. पहिल्या दोन्हींत तुम्ही पडू नका.

दुसरा आठवडा: दुकानदाराकडे जायची वेळ

सकाळी जाऊ नका. भवानी व्हायच्या आधी कुणी छापील प्रश्नावली घेऊन समोर उभं राहिलं तर कुणालाही राग येईल. दुपारी तीन ते साडेचार ही बरी वेळ. गिऱ्हाईक कमी, जेवण झालेलं, बोलायला माणूस मोकळा. आधी काहीतरी विकत घ्या, मग बोला. कागद काढू नका, घरी येऊन लिहा.

प्रश्न तीनच ठेवा. आठवड्यातला सगळ्यात मंदीचा दिवस कोणता? दहा वर्षांपूर्वी येणारं कोणतं गिऱ्हाईक आता येत नाही? दुकानासमोरची एक गोष्ट उद्या बदलता आली तर कोणती बदलाल?

तिसऱ्या प्रश्नाला आम्हाला सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर होतं, दुकानासमोरच्या गाड्या. एका फरसाणवाल्या शेठनी तर पाच मिनिटं त्यावर तळमळून सांगितलं.

"समोर स्कूटर लावतात हो, म्हाताऱ्या बाईला पायरी चढता येत नाही."

"कुणाची असते, शेठ?"

ते जरा थांबले. "ही... आज माझीच आहे."

हसू नका. बहुतेक रस्त्यांवर दुकानासमोरची निम्मी जागा दुकानदारांच्या आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या मुलांच्या दुचाक्यांनीच अडलेली असते. ती मोजा. सगळ्यांच्या दुचाक्या कोपऱ्यावरच्या एका ठिकाणी लावायचं ठरलं तर एक पैसा न खर्चता रस्ता रुंद होतो.

दुकानांत काम करणाऱ्या मुलींशी वेगळं बोला, शेठ समोर नसताना. त्यांचं पहिलं उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येतं: स्वच्छतागृह. दहा-दहा तास उभं राहायचं आणि जवळचं मुतारीघर पुरुषांचं, किंवा कुलूपबंद. मुंबईत 'राइट टू पी' चळवळ 2011 पासून हेच सांगते आहे. ही अडचण खरेदीला येणाऱ्या बायकांचीही असते, पण त्या बोलून दाखवत नाहीत, लवकर घरी जातात. रस्त्यावरच्या एखाद्या खानावळीने किंवा दवाखान्याने आपलं स्वच्छतागृह बायकांना वापरू द्यायचं कबूल केलं, तर त्याच्या दारावर पाटी लावा आणि साफसफाईचा महिन्याचा खर्च वर्गणीतून द्या.

मंडळी

सात ते नऊ माणसं पुरतात. दोन-तीन दुकानदार, दोन-तीन रहिवासी, एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी, गणेशोत्सव मंडळाचा एक कार्यकर्ता आणि एक फेरीवाला किंवा फेरीवाली. शेवटचं नाव वाचून बैठकीत कुरकुर होईल. होऊ द्या, पण नाव काढू नका. कारण पुढे येईलच.

लगेच संस्था नोंदवायची घाई करू नका. नोंदणीसाठी किमान सात सभासद, घटना, धर्मादाय आयुक्तांकडचे हेलपाटे आणि पुढे दरवर्षीचा हिशेब, असं सगळं लागतं. पहिलं वर्ष नोंदणीशिवाय काढा. वर्गणी घेतलीच तर शंभर पानी वहीत लिहा आणि दर महिन्याला पानाचा फोटो सगळ्यांना पाठवा. पालिकेशी अधिकृतपणे बोलायचं असेल तर प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे ज्याला सगळे एएलएम म्हणतात, तो मार्ग आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचऱ्यापासून सुरुवात केली आणि पुढे शहरभर तशी मंडळं निघाली. वॉर्ड ऑफिसात चौकशी करून आपल्या रस्त्याचं एएलएम करता येतं.

नगरसेवकाला सुरुवातीला कळवा, पण त्याच्यावर टेकू नका. मार्च 2022 नंतर बराच काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते. ज्या गल्ल्यांचं सगळं काम त्यांच्या फोनवर चालायचं त्या तेव्हा हात चोळत बसल्या.

पहिलं काम महिन्याभरात दिसलं पाहिजे

आम्ही इथे चुकलो. वर्गणीतून आठ मोठ्या सिमेंटच्या कुंड्या आणल्या आणि फुटपाथच्या कडेला मांडल्या. महिन्याभरात त्यांत पानाच्या पिचकाऱ्या, चहाचे कप आणि एका कुंडीत कुणाचं तरी तुटलेलं हेल्मेट. शिवाय शहाळेवाल्याची गाडी उभी राहायची जागा गेली, तो पलीकडच्या गल्लीत गेला आणि त्याच्याबरोबर दवाखान्यातून येणारी त्याची गिऱ्हाइकंही गेली. कुंड्या शेवटी एका शाळेला दिल्या.

त्याऐवजी दिवा घ्या. संध्याकाळी सातनंतर फिरून रस्त्यावर अंधार कुठे आहे ते बघा. बंद दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो टिपा. आता दिवा कुणाचा हे माहीत हवं: शहर भागात बेस्ट, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो फिरत राहतो. तक्रारीत भावना नको, एवढंच पुरे: "अमुक मार्ग, अमुक दुकानासमोरील खांब क्रमांक अमुक, दिवा अमुक तारखेपासून बंद." रस्ता, गटार, कचरा, तुटलेलं झाकण यांसाठी पालिकेचा 1916 क्रमांक. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका आणि तो वहीत लिहा. एकाच गोष्टीसाठी दहा जणांनी दहा तक्रारी करण्यापेक्षा एकाने केलेल्या तक्रारीचा दहा वेळा पाठपुरावा केलेला बरा.

तरीही काम हललं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. "काम का केलं नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. "तक्रार क्रमांक अमुकवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात" असं मागा.

वॉर्ड ऑफिसात कोणाकडे जायचं हेही पाठ करून ठेवा. फुटपाथ आणि खड्डे परिरक्षण विभागाकडे, फेरीवाले आणि जाहिरातफलक अनुज्ञापन खात्याकडे, कचरा घनकचरा विभागाकडे, दुकानांच्या पाट्या दुकाने व आस्थापना खात्याकडे. सगळ्यांच्या वर सहायक आयुक्त. त्यांची भेट घ्यायचीच तर वहीतल्या नोंदी, तीन फोटो आणि एकच मागणी घेऊन जा.

चालायची जागा

फुटपाथवर चालण्यासाठी मोकळी जागा किमान 1.8 मीटर असावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. बाजाराच्या रस्त्यावर त्याहून जास्त. टेप घेऊन मोजायला गेलात तर बऱ्याच ठिकाणी छत्री उघडून दोन माणसं समोरासमोर जाऊ शकत नाहीत, असं दिसेल. अडवणारं काय आहे ते लिहा: दुकानाची पुढे आलेली पायरी, फुटपाथवर मांडलेले डबे, विजेची पेटी, बंद पडलेला टेलिफोनचा खांब, राजकीय फलकाचे बांबू.

दुकानाची पायरी हा नाजूक विषय. पुष्कळ जुन्या इमारतींत रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत गेला आणि दुकानं खाली गेली. पावसात पाणी आत येतं म्हणून उंबरा वाढवलेला असतो. त्यावर थेट अतिक्रमणाची तक्रार केलीत तर त्या दुकानदाराला कायमचं गमावलंत. फुटपाथवर मांडलेले डबे एक वीत आत घेण्यापासून सुरू करा. एका किराणावाल्याने घेतले की शेजारचा घेतो. कुणी आधी घ्यायचं, हाच खरा वाद असतो.

माल उतरवणाऱ्या टेम्पोंसाठी सकाळी दहाच्या आतली वेळ दुकानदारांनी आपसांत ठरवून घ्यावी. पार्किंगचे फलक, एका बाजूला सम तारखेला आणि दुसऱ्या बाजूला विषम तारखेला गाड्या, हे वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीत येतं. तिथे दुकानदारांच्या आणि रहिवाशांच्या सह्यांचा एकत्र अर्ज गेला की वजन पडतं. एकट्या रहिवाशांचा अर्ज गेला की दुकानदारांचा विरोधी अर्ज मागून येतोच.

फेरीवाल्यांना हटवून बाजार भरत नाही

इथे माझं मत स्पष्ट आहे आणि आमच्या इमारतीतल्या निम्म्या लोकांना ते पटत नाही. संध्याकाळी ऑफिसातून परतणारी बाई आधी भाजीच्या पथारीपाशी थांबते. थांबली की मागच्या दुकानातली कुकरची रिंग आठवते. पथारी उठली तर ती बाई थांबणारच नाही, सरळ घरी जाईल आणि रिंग मोबाइलवरून मागवेल. आमच्याकडे एकदा कारवाई होऊन आठवडाभर सगळ्या पथाऱ्या उठल्या होत्या. पहिल्या दिवशी दुकानदार खूश होते. चौथ्या दिवशी भांड्यांचं दुकान चालवणारे काका स्वतःच विचारत होते, भाजीवाल्या मावशी कुठे बसतात आता?

याचा अर्थ कुणी कुठेही बसावं असा नाही. कायदा माहीत असू द्या. पथ विक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम 2014 चा आहे. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण पाच वर्षांतून एकदा व्हावं, त्यात आढळलेल्यांना लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत सामावून घ्यावं, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत त्यांना उठवू नये, असं तो सांगतो. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. रहिवासी संघटना आणि व्यापाऱ्यांच्या संघटना यांनाही त्या समितीत जागा आहे, हे फार थोड्या रहिवाशांना ठाऊक असतं. दुसऱ्या बाजूने, मुंबई उच्च न्यायालयाच्या 1 नोव्हेंबर 2017 च्या निकालानुसार रेल्वे स्थानकापासून 150 मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळं यांच्यापासून 100 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई आहे. त्याआधी महिन्याभरापूर्वीच एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली होती. पूल, जिने आणि स्टेशनाची तोंडं मोकळी असलीच पाहिजेत, त्यावर तडजोड नाही.

या दोन्हींच्या मध्ये जे उरतं ते आपसांत बसून ठरवायचं. दुकानाच्या दारासमोर बसायचं नाही, दोन दुकानांच्या मधल्या भिंतीसमोर बसायचं. कुणाची पथारी किती लांब हे खडूने आखून बघायचं, आठवडाभर चालवून बघायचं, मग पक्कं. रात्री उठताना आपापला कचरा गोणीत. हे दुकानदाराने सांगितलं तर भांडण होतं. बैठकीत बसणाऱ्या फेरीवालीने सांगितलं तर होतं काम. म्हणून ते शेवटचं नाव काढायचं नाही. तिला भांडवलाची अडचण असेल तर 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळतं. अर्ज भरायला एखाद्या कॉलेजच्या पोराला तिच्याबरोबर बसवा.

लालबागमध्ये तर हा इतिहासच आहे. 1932 मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला, कोळी आणि विक्रेते उघड्यावर आले, त्यांनी हक्काच्या बाजारासाठी नवस बोलला, आणि जागा मिळाल्यावर 1934 मध्ये गणपती बसवला. तोच लालबागचा राजा. दर्शनाच्या रांगेत चोवीस तास उभं राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की तो नवस बाजारात बसायची जागा गेलेल्या माणसांचा होता?

पाट्या आणि दर्शनी भाग

इथे फार वेळ घालवू नका. मराठी देवनागरीत नाव, आणि ते दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको, हा 2022 च्या दुरुस्तीनंतरचा नियम सगळ्याच दुकानांना लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिल्यावर बऱ्याच पाट्या बदलल्या. ज्यांच्या अजून बदलायच्या आहेत त्यांना गाठून एकाच पेंटरकडून करून घेतल्या तर स्वस्त पडतं. सगळ्या पाट्या एका रंगाच्या करायचा मोह होईल. फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रोडवर पाट्या कमानींच्या आत नीट बसवण्याचं काम दुकानदारांना बरोबर घेऊन झालं आणि 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली. पण तिथे एकसलग दगडी कमानी आहेत. आपल्याकडे चाळ, टॉवर आणि पत्र्याची शेड शेजारी शेजारी. एकसारखी पाटी लावली की सगळं औषधाच्या दुकानासारखं दिसतं. इमारतीचं नक्षीकाम, जुनी लाकडी फळी, ओटा झाकणारे फलक निघाले तरी खूप झालं.

बंद शटरं थोडी वर

गाळे बंद असण्याच्या मघाच्या कारणांपैकी 'जास्त भाड्याच्या आशेने बंद' आणि 'मुलाला रस नाही' या दोन प्रकारांत तुम्हाला काही करता येतं. दिवाळीआधीचे पंधरा दिवस किंवा एप्रिल-मेमधले मसाल्याचे दोन महिने गाळा बचत गटाला द्यायला मालकाला तयार करा. रिकामा गाळा बघून भाडेकरू येत नाही. उजेड असलेला, गर्दी असलेला गाळा बघून येतो. मालकाला हेच पटवायचं. करार लिव्ह अॅण्ड लायसन्सचा, लेखी आणि नोंदणी केलेला; थोड्या दिवसांसाठी आहे म्हणून तोंडी चालवू नका. गाळा पगडीचा असेल तर घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला देऊच नका, पोटभाडेकरू ठेवल्याच्या मुद्द्यावर गाळा हातचा जायचा.

आमच्या त्या उदबत्तीवाल्या काकांनी गाळा कुणाला दिला नाही. पण रॅकवर शेजारच्या आजींची पुस्तकं ठेवायला दिली, आणि आता तो तास दीड तासाचा झालाय.

वर्षाचं कॅलेंडर

बाजार वाढवायला महोत्सव लागत नाही, पंचांग पुरतं. एका कागदावर बारा महिने आखा आणि प्रत्येकापुढे आपल्या रस्त्यावर काय विकलं जाऊ शकतं ते लिहा. जूनमध्ये शाळा: वह्या, कव्हरं, छत्र्या, रेनकोट, बुटांची दुरुस्ती. श्रावणात पूजेचं साहित्य आणि उपवासाचे पदार्थ. मग गणपती: मखराचं सामान, दूर्वा, केवडा, मोदकाचं पीठ. नवरात्रात रंगांच्या साड्या आणि ब्लाउजपीस, आणि टेलरकडे आठ दिवस आधी रांग. दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पानं, दिवाळीला कंदील, पणत्या, रांगोळी. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फळं, वेणी, पोथी. संक्रांतीला हलव्याचे दागिने आणि वाण.

वाणाचंच उदाहरण घ्या. एका इमारतीत दहा-बारा घरी हळदीकुंकू असतं आणि प्रत्येक घरी पन्नास-साठ बायका. तेवढं वाण घाऊक बाजारातून येतं. डिसेंबरमध्येच सगळ्या घरांची मागणी एकत्र करून आपल्याच भांडीवाल्याला आणि स्टेशनरीवाल्याला दिली, तर घाऊक भावाच्या जवळपासचा दर तो देऊ शकतो, कारण त्याचा माल पडून राहणार नाही याची हमी आहे. असाच हिशेब सोसायटीच्या दिवाळीच्या फराळाचा, शाळेच्या वह्यांचा, गणपतीच्या प्रसादाचा. रहिवाशांच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं हत्यार हेच, आणि आपण ते वापरत नाही.

दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अॅपांशी भाव किंवा वेळ यांत कुणी किराणावाला जिंकणार नाही. तो उधारी देतो, अर्धा नारळ देतो, गव्हाचं दळण निवडून गिरणीत पाठवतो, आजोबांचं औषध वर आणून देतो. रस्त्यावरच्या दुकानांची नावं, फोन, वेळा आणि घरपोच देतात की नाही, एवढी एक पानी यादी करून प्रत्येक इमारतीच्या लिफ्टशेजारी लावा. मोबाइलवर पाठवलेली यादी तासाभरात 'शुभ सकाळ'च्या फुलांखाली गाडली जाते.

एका संध्याकाळी रस्ता गाड्यांना बंद

मुंबई पोलिसांनी मार्च 2022 मध्ये 'संडे स्ट्रीट्स' सुरू केलं तेव्हा मरीन ड्राइव्हसह काही रस्ते रविवारी सकाळी गाड्यांना बंद होते. व्यायामाला ते छान, पण बाजाराला सकाळ उपयोगाची नाही. दिवाळीच्या आधीच्या एखाद्या रविवारची संध्याकाळ पाच ते साडेनऊ मागा. तयारी किमान दीड महिना आधी: वॉर्ड ऑफिसची परवानगी, स्थानिक पोलीस ठाण्याची, वाहतूक पोलिसांची ना हरकत, मांडव असेल तर अग्निशमन दलाची. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांची अन्नसुरक्षा नोंदणी. रस्त्यावर सिलिंडर पेटवू नका. पदार्थ घरून किंवा दुकानातून तयार करून आणा. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, आणि त्याआधीही व्यापारी भागात दिवसाची मर्यादा 65 डेसिबल. खरं तर ध्वनिक्षेपक नकोच. लोक एकमेकांशी बोलायला आले पाहिजेत.

रुग्णवाहिका आणि बंबाला वाट मोकळी ठेवा, आणि ती वाट एका माणसाच्या नावावर सोपवा. बाहेरचे स्टॉल आणू नका. बाहेरून शंभर स्टॉल आले की गल्ला बाहेर जातो आणि आपला फरसाणवाला दारात उभा राहून गर्दी बघत बसतो. प्रत्येक दुकानाने आपल्याच दारासमोर एक बाकडं टाकायचं, एवढंच.

पुनर्विकास: इथे गाफील राहू नका

वरचं सगळं करून रस्ता जरा उठला, आणि मग एका बाजूच्या चार चाळी पाडायला गेल्या, की तीन-चार वर्षं पत्र्याचं कुंपण. त्यानंतर टॉवर येतो तो खाली पार्किंगचा उंच पोडियम आणि रस्त्याकडे कोरी भिंत घेऊन. दुकानं असलीच तर आतल्या बाजूला, गेटमधून रखवालदाराला नाव सांगून जायचं. त्या भिंतीसमोरून संध्याकाळी कुणी चालत नाही, आणि समोरच्या बाजूची दुकानंही बसतात.

उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींना लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 33(7) मध्ये राहणाऱ्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट मिळतं, दुकानदाराला मात्र आहे तेवढंच क्षेत्र. पण क्षेत्राइतकंच महत्त्वाचं आहे ते कुठे मिळणार. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी रहिवाशांनी आणि दुकानदारांनी मिळून नकाशावर चार गोष्टी लाल पेनाने लिहून घ्याव्यात: दुकानं रस्त्याकडे तोंड करून, रस्त्याच्या पातळीला, जुन्या क्रमाने, आणि समोर कुंपण नको. बांधकाम चालू असताना दुकानदारांना त्याच रस्त्यावर तात्पुरते गाळे मिळाले तर गिऱ्हाईक टिकतं. लांबच्या वॉर्डात भाडं देऊन पाठवलं तर गिऱ्हाईक परत येत नाही. तोंडी आश्वासनांवर विसंबू नका. सहीआधी बिल्डर दर आठवड्याला चहाला बोलावतो, सहीनंतर भेटीची वेळ मागावी लागते.

पुन्हा मोजा

वर्षभराने त्याच महिन्यात, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच तीन ठिकाणी उभे राहा. माणसं, पिशव्या, शटरं. जुन्या वहीशेजारी नवे आकडे लिहा आणि पान रस्त्यावरच्या चार दुकानांत चिकटवा, आकडे पडले असतील तरीही. पावसाचा दिवस टाळा, मेगाब्लॉकचा रविवार टाळा. आणि पितृपक्षात चुकूनही मोजू नका. त्या पंधरवड्यात अख्ख्या मुंबईत कुणी साधी कढईसुद्धा घेत नाही.